थान दुखून ताप चढला तर: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

प्रसूती विभागात नर्स म्हणून मला सोळा वर्षं झाली, त्यातली बहुतेक उत्तर गोव्यात. थानाला गाठ, त्यावर लाली आणि हुडहुडी भरून ताप, अशी बाळंतीण आली की मी आधी एकच विचारते, "आतापर्यंत काय काय केलंत?" उत्तर बहुधा सारखंच असतं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. तेल लावायला येणाऱ्या बाईने गाठ दाबून मोडायचा प्रयत्न केला. मग पंप आणून थान रिकामं केलं. तरी ताप उतरेना म्हणून बाळाला त्या बाजूचं दूध तोडलं आणि वरचा डबा सुरू केला. हे सगळं घरच्यांनी मायेनेच केलेलं असतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीने दुखणं वाढतं.

स्तनदाहात, म्हणजे थान सुजून ताप चढतो त्या दुखण्यात, काय करायचं ते तुम्ही खाली वाचालच, पण क्रम चुकवू नका. आधी थांबवायच्या गोष्टी थांबवायच्या, मग थान गार करायचं, मग नेहमीसारखं पाजायचं आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं.

आधीची तयारी: बाळ यायच्या आधीच

दुखणं सुरू होतं ते बहुतेक रात्री किंवा रविवारी. त्या वेळी फार्मसी शोधत फिरायची वेळ येऊ नये म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच एवढं करून ठेवा.

डिजिटल तापमापक घरात हवा. ताप जिभेखाली मोजा, काखेत नको. दूध भरलेलं थान शेजारी असलं की काख तशीही गरम लागते आणि आकडा फसवतो. चहा किंवा गरम पेज घेतली असेल तर अर्धा तास थांबून मोजा.

फ्रिजरमध्ये जेलच्या दोन पिशव्या ठेवा. त्या नसतील तर मटारचं पाकीट चालतं, थानावर छान बसतं. सोबत दोन-तीन मऊ पंचे बाजूला काढून ठेवा.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा: "ताप आला तर मी पॅरासिटामॉल घेऊ का? आयबुप्रोफेन मला चालेल का?" उत्तर डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. ज्यांना अॅसिडिटीचा अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा गरोदरपणात वाढलेलं बीपी आहे त्यांनी तर हा प्रश्न विसरूच नये.

तेल लावायला मावशी येणार असतील तर पहिल्याच दिवशी, सासूबाई किंवा आई समोर असताना, नम्रपणे सांगून टाका: "मावशी, पाठ-कंबर-पाय हवं तेवढं करा, पण छातीला हात नको." नंतर दुखत असताना हे बोलवत नाही.

पायरी 1: दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा

अंगावर पाजणाऱ्या बाईला तीन वेगवेगळे त्रास होतात आणि घरी तिन्हींना "दूध गोठलं" असंच म्हणतात.

*दूध दाटणं.* तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दोन्ही थानं दगडासारखी होतात, दुखतात. ताप नसतो, किंवा अगदी थोडी कणकण असते. दूध उतरतानाची ही नेहमीची सूज आहे.

*गाठ धरणं.* एकाच थानात, एकाच जागी, बोटाला लागेल असा दुखरा भाग. ताप नाही, अंग मोडून येत नाही.

*स्तनदाह.* बहुतेक वेळा एकाच थानात, पापडाच्या तुकड्यासारखा त्रिकोणी पट्टा लाल, गरम, ताठ. ताप 101 किंवा त्याच्या वर, थंडी वाजते, हाडं दुखतात. पुष्कळ बायका म्हणतात की आधी फ्लू झालाय असंच वाटलं, थानाकडे लक्ष नंतर गेलं. पहिल्या सहा आठवड्यांत हे सगळ्यात जास्त दिसतं, पण त्यानंतरही होऊ शकतं.

सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. "लाल नाही, म्हणजे काही नाही" असं समजू नका. हाताची उलटी बाजू दोन्ही थानांना लावून बघा. एक जागा जास्त गरम, चकाकणारी, कातडी ताणलेली असेल तर तेच.

गाठ म्हणजे काय, हे इथेच समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. नळीत दुधाचा खडा अडकला आहे आणि तो ढकलून बाहेर काढायचा आहे, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दुधाच्या नळ्या अगदी बारीक असतात, मुळांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. आजूबाजूचा भाग सुजला की त्या बाहेरून दाबल्या जातात आणि दूध पुढे सरकत नाही. बाहेर काढण्यासारखं आत काही नसतंच. सूज उतरली की वाट आपोआप मोकळी होते. सुरुवातीच्या तासांत तर बहुतेक वेळा ही नुसती सूज असते, जंतूंचा शिरकाव झाला तर तो नंतर होतो. म्हणूनच पहिले चोवीस तास महत्त्वाचे.

> इशारा: बाळंतिणीला ताप आला म्हणजे कारण थानच, असं धरून चालू नका. अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, ओटीपोटात कळ, टाक्यांतून पू, लघवीला जळजळ, एकाच पोटरीला सूज, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पावसाळ्यात ताप आहे पण थान मऊच आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, तर डेंग्यू-मलेरियाची रक्ततपासणी आधी.

पायरी 2: वेळ लिहा, कड आखा

दोन मिनिटांचं काम, पण नव्वद टक्के घरांत कुणी करत नाही असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

पहिल्यांदा थंडी वाजली ती वेळ कागदावर लिहा. ताप किती ते लिहा. मग बॉलपेनने लाल भागाच्या कडेने बारीक रेघ आखा. लाली दिसत नसेल तर कडक लागणाऱ्या भागाभोवती आखा. दर सहा तासांनी ताप लिहायचा आणि लाली रेघेच्या आत आहे की बाहेर, ते बघायचं.

दुखण्यात, जागरणात, वेळेचं भान राहत नाही. "कालपासून ताप आहे" म्हणणाऱ्या बाईला खोदून विचारलं तर तीन दिवस झालेले असतात. कागद खोटं सांगत नाही, आणि डॉक्टरांना त्या एका रेघेवरून निम्मी गोष्ट कळते.

पायरी 3: चार गोष्टी लगेच थांबवा

उपाय सुरू करायच्या आधीची ही पायरी. हीच सगळ्यात जास्त चुकते.

*दाबणं थांबवा.* माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी, अकराव्या दिवशी, डाव्या थानात बगलेकडे गाठ आली. तेल लावायला येणाऱ्या मावशी अनुभवी होत्या, हात चांगला होता. "दूध गोठलंय गो, मोडून काढूया," म्हणाल्या. गरम तेल घेतलं आणि दोन्ही अंगठे गाठीवर रोवून स्तनाग्राकडे ओढत नेले. मी दातात पदर धरला होता. दूध थोडं आलं, सगळ्यांना बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्यांच्या जागी निळे-जांभळे डाग होते आणि ताप 103. मी स्वतः नर्स होते, आणि तरी मी हे करू दिलं, कारण आम्हालाही तेव्हा गरम शेक आणि जोरात मालिश हेच शिकवलं होतं. आता ते बदललं आहे. अॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने 2022 मध्ये आपल्या सूचना नव्याने लिहिल्या. खोल मालिश नको, थान रिकामं करण्याचा हट्ट नको, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सुजलेल्या नाजूक भागावर अंगठ्याचा जोर पडला की आतल्या बारीक शिरा फुटतात, सूज दुप्पट होते. मसाज करणारं मशीन, कंपन पावणारा ब्रश, कंगव्याची पाठ, हे सगळं त्याच रांगेत.

*शेक थांबवा.* गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी, शेगडीसमोर छाती धरणं, काहीच नको. उष्णतेने तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि सुजलेला भाग आणखी फुगतो. बाळंतिणीच्या पाठीला-कमरेला शेक द्या, त्याला माझी हरकत नाही. पान्हा फुटतच नसेल तर पाजण्याआधी दोन मिनिटं कोमट पाण्याचा तांब्या छातीवर सोडा. कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं असतं तसं. त्यापुढे नाही.

*उपसणं थांबवा.* थान मागणीवर चालतं. जितकं काढाल तितकं ते जास्त बनवतं. बाळ पाजून झालं, मग पंप, मग पुन्हा हाताने, असं दिवसभर चाललं की थानाला वाटतं घरात जुळी आहेत. दूध वाढतं, दाब वाढतो. शतावरीची पावडर, दूध वाढवायच्या गोळ्या हेही दुखणं संपेपर्यंत बंद ठेवा. आळिवाचा एखादा लाडू खाल्ला म्हणून काही बिघडत नाही, पण मुद्दाम दूध वाढवायची ही वेळ नव्हे.

*तोडणंही थांबवा.* म्हणजे त्या बाजूचं पाजणं अचानक बंद करू नका. "तापाचं दूध बाळाला बाधतं", "पू झालेलं दूध पोटात जाईल" ही भीती मी रोज ऐकते. स्तनदाहातलं दूध निरोगी, दिवस भरलेल्या बाळाला सुरक्षित आहे. ते थोडं खारट लागतं, म्हणून एखादं बाळ तोंड फिरवतं, एवढंच. एकदम तोडलं तर दूध साचतं आणि गळू व्हायची शक्यता वाढते. दूध आटवायच्या गोळ्या तर या दुखण्यावरचं औषधच नाही. बाळ दिवसांआधी झालेलं असेल आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल, किंवा आईला एचआयव्ही असेल, तर मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

> तपासा: आता घरात कुणी गाठ दाबत नाही, शेकत नाही, पंप लावत नाही, बाळाचं तोडलेलं नाही. चारही "नाही" झाले की पुढे चला.

पायरी 4: गार करा

जेलची पिशवी किंवा मटारचं पाकीट पंच्यात गुंडाळा. बर्फ थेट कातडीवर नको, चटका बसतो. आडवं पडा, थानावर ठेवा, दहा ते वीस मिनिटं. मग काढा. जागेपणी दर तास-दीड तासाने पुन्हा. पहिल्या दिवशी हे मन लावून केलं तर ठणका कमी झालेला तुमचा तुम्हाला कळतो.

पावसात लाईट गेली आणि फ्रिज बंद पडला तर माठातल्या पाण्यात पंचा भिजवून, पिळून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी बदला. बर्फाइतकं नाही, पण काम होतं. फ्रिजमधली कोबीची पानं चालतात. ती नीट धुवायची, मधली जाड शीर चेपायची, स्तनाग्र उघडं ठेवायचं आणि पान कोमेजलं की टाकायचं.

घरातल्या मोठ्यांना गारवा पटत नाही. "बाळंतिणीला थंडी बाधेल, बाळाला सर्दी होईल." त्यांच्याशी वाद घालू नका. पायात मोजे घाला, अंगावर पांघरूण घ्या, डोक्याला बांधायचं ते बांधा आणि फक्त दुखऱ्या जागेवर गार ठेवा. मुरगळलेल्या पायाला आपण बर्फ लावतो, तेच हे, असं सांगितलं की बहुतेक सासवा ऐकतात. बाहेरून लावलेल्या गार पिशवीने आतलं दूध थंड होत नाही आणि बाळाला सर्दीही होत नाही.

पायरी 5: हलका हात, वरच्या दिशेने

यालाही लोक मालिश म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. इथे दूध काढायचं नाही, सुजेचं पाणी सरकवायचं आहे.

बाळाच्या टाळूला तेल लावताना आपली बोटं कशी आपोआप हलकी होतात? तोच हात. त्याहून एक गुंजभरही जास्त जोर नको. आधी गळ्याच्या हाडाच्या वर आणि बगलेत दहा-दहा वेळा बोटं गोल फिरवा. मग स्तनाग्राकडून बगलेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे कातडी हळूच सारत न्या, जशी पंच्यावरची सुरकुती सारतो तशी. दिशा बाहेर आणि वर, स्तनाग्राकडे नाही. पाच मिनिटं पुरेत, दिवसातून तीन-चार वेळा. हे करताना दुखलं तर जोर जास्त झाला, तिथेच थांबा.

पायरी 6: नेहमीइतकंच पाजा

बाळ मागेल तेव्हा पाजा. दोन्ही बाजूंनी, रोजच्यासारखं. दुखऱ्या बाजूला मुद्दाम जास्त वेळ लावू नका आणि टाळूही नका.

बाळ नीट धरतंय का ते बघा, कारण स्तनाग्राला चिरा पडल्या असतील तर मूळ तिथेच असतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, मान वळलेली नाही, तोंड जांभईसारखं मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी थानात रुतलेली. नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. पाजताना पहिली काही सेकंदं सोडून कळ येत राहिली तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

थान इतकं ताठ झालंय की बाळाला धरताच येत नाही? मग पाचही बोटांची टोकं स्तनाग्राच्या भोवती काळ्या भागावर फुलासारखी ठेवा आणि एक मिनिटभर छातीच्या दिशेने हळू दाबून धरा. तिथली सूज मागे सरते, जागा मऊ होते. लगेच बाळाला लावा.

तरीही दूध येतच नसेल तर झटापट करू नका. दुसऱ्या बाजूने पाजा, या बाजूला गार ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. बाळ अजिबात घेत नसेल तर हाताने किंवा पंपाने तेवढंच काढा, जेवढं त्या वेळी बाळ प्यायलं असतं. थान मऊ पडेपर्यंत काढत बसायचं नाही.

चिरांवर हळद, तुरटी, तेल काहीही थापू नका. शेवटचे दोन थेंब दूध लावून हवेवर सुकू द्या. स्तनाग्रावर पांढरा ठिपका दिसला तर सुईने फोडू नका.

> तपासा: बाळाला पुरतंय का? पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल तर पुरतंय. तुमच्या तापामुळे वरच्या डब्याची गरज पडत नाही.

पायरी 7: गोळी घ्या, सोसू नका

"औषध दुधातून बाळाला जाईल" म्हणून ठणका सोसत बसणाऱ्या बायका बघून मला वाईट वाटतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही अंगावर पाजताना चालतात, दुधात अगदी थोडी उतरतात. वेदना जास्त असली की पान्हाही नीट फुटत नाही.

मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस असा: पॅरासिटामॉल 500 किंवा 650 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा. आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, पोटात काहीतरी गेल्यावर, आठ तासांच्या अंतराने. सूज उतरवण्याचं काम आयबुप्रोफेन करतं, पॅरासिटामॉल फक्त ताप आणि दुखणं कमी करतं.

इथे तीन चुका होतात. पहिली: दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळी फार्मसीत मिळते, ती घेऊन वर पुन्हा पॅरासिटामॉल. पाकिटावरची नावं वाचा. दुसरी: सिझेरियननंतर दिलेली दुखण्याची गोळी, डायक्लोफिनॅक किंवा अॅसेक्लोफिनॅक, चालू असतानाच आयबुप्रोफेन. ही एकाच जातीची औषधं आहेत, एका वेळी एकच. तिसरी: घरातलं अॅस्पिरिन. ते नको.

> इशारा: पावसाळ्यात, आसपास डेंग्यूचे रुग्ण असताना, तापाचं कारण पक्कं होईपर्यंत आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

सोबत विश्रांती. याला मी औषधाइतकंच मानते. बाळाला पाजायला आणून द्या, पाजून झालं की न्या, ढेकर दुसऱ्याने काढायचा, लंगोट दुसऱ्याने बदलायचा. तहान लागेल तितकं पाणी, उकड्या तांदळाची मऊ पेज, जे जाईल ते. घट्ट ब्रा काढून टाका. आधार देणारी पण कुठे वळ न उठवणारी, तार नसलेली घाला.

24 तासांनी: कागद हातात घ्या

ताप उतरला, लाली रेघेच्या आत आली, ठणका कमी: हेच आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवा. गाठ लगेच विरघळत नाही, आठवडाभर हाताला लागू शकते. घाई करून दाबू नका.

ताप तसाच, किंवा लाली रेघेबाहेर गेली: आज डॉक्टर. उद्या नाही.

आणि यांपैकी काही असेल तर चोवीस तासही थांबायचं नाही: ताप 103 च्या वर, दोन्ही थानांना एकदमच लाली, स्तनाग्राच्या चिरेतून पू, उलट्यांमुळे गोळी पोटात न टिकणं. छाती खूप धडधडते, श्वास भरभर चालतो, लघवी कमी झालीय, बोलण्यात गोंधळ आहे, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ही तर जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची लक्षणं. 108 ला फोन करा.

पायरी 8: डॉक्टरकडे

जवळचं आरोग्य केंद्र पुरेसं आहे. वाळपई, पेडणे, साखळीच्या बायका आधी तिथेच जातात आणि बहुतेकींचं काम तिथेच होतं. सोनोग्राफी किंवा सर्जन लागला तर म्हापसा आणि मडगावची जिल्हा हॉस्पिटलं, फोंड्याचं उपजिल्हा हॉस्पिटल, किंवा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. बाळाला सोबत न्या, पाजण्यात खंड नको.

केस पेपर काढताना "ताप" एवढंच सांगू नका. असं सांगा: "मी बाळंतीण आहे, इतके दिवस झाले. उजव्या थानाला लाली आणि ताप आहे, अमुक वाजल्यापासून. मी अंगावर पाजते आणि पाजत राहणार आहे." शेवटचं वाक्य आधीच बोललात तर औषध त्याला धरून निवडलं जातं. माझ्या वेळी एका डॉक्टरांनी पाजणं बंद करायला सांगून दूध आटवायची गोळी लिहून दिली होती. मी ती घेतली नाही, पण निमूटपणे घरी आले, विचारलं काहीच नाही. तुम्ही विचारा: "पाजत राहून घेता येईल असं अँटिबायोटिक आहे ना?" असतं. सेफॅलेक्सिन, क्लॉक्सॅसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ही पाजताना चालणारी औषधं आहेत. कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

कोर्स साधारण दहा ते चौदा दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि निम्म्या बायका गोळ्या सोडतात. सोडू नका. बाळाला थोडं पातळ शी होऊ शकतं, त्याने घाबरू नका. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन बघणं ही आणखी एक चूक, त्याने ताप दबतो आणि आत गळू वाढत राहतं.

> तपासा: अँटिबायोटिक सुरू होऊन 48 तास झाले आणि फरक नाही? पुन्हा जा. दुधाची कल्चर तपासणी (दुधात कोणते जंतू आहेत ते बघणारी) आणि सोनोग्राफी करायची का, ते विचारा. जंतू त्या औषधाला दाद देत नसतील किंवा गळू झालं असेल.

पायरी 9: गळू झालंच तर

माझं झालं. एक जागा ठसठसत राहिली, कातडी काळपट-लाल, आणि बोटाने हलकं टेकवलं तर आत पाणी भरलेल्या फुग्यासारखं डुलायचं. अशी जागा लागली की घरी काही करायचं उरत नाही. पोटीस नको, फोडणं नको.

सोनोग्राफीत पू दिसतो. जागा बधिर करून सुईने तो ओढून काढतात. कधी दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. मोठं असेल तर लहान छेद देऊन नळी ठेवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण पू निघाल्यावर दहा मिनिटांत जो आराम पडतो तो मला आजही आठवतो. त्या बाजूनेही पाजता येतं, फक्त बाळाचं तोंड छेदाला किंवा ड्रेसिंगला लागता कामा नये. छेद अगदी स्तनाग्राजवळ असेल तर तो भरेपर्यंत त्या बाजूचं हाताने काढा.

पायरी 10: पुन्हा होऊ नये म्हणून

परत परत येणाऱ्या बायकांकडे दोन प्रसंग सारखे दिसतात.

एक म्हणजे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घर पाहुण्यांनी भरलेलं, गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायची, नैवेद्याची घाई, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. पाजायला आडोसा मिळत नाही, बाळ झोपलंय म्हणून उठवत नाहीत, चार-पाच तास जातात. आरत्या संपल्यावर रात्री हुडहुडी भरते. सणाला एक खोली बाळंतिणीसाठी राखून ठेवा आणि तिला बोलवायची जबाबदारी एका माणसावर द्या.

दुसरा म्हणजे कामावर परतणं. सत्तरीतून पणजीला किंवा फोंड्याहून वेर्ण्याच्या कारखान्यात जाणारी बाई सकाळी पाजून निघते आणि संध्याकाळीच बाळाला बघते. हा बदल एका दिवसात करू नका. रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातलं एकेक पाजणं लांबवत जा. कामावर साधारण तीन-चार तासांनी, ताण जाण्यापुरतं किंवा बाळाला लागेल तेवढं दूध काढा. आपल्या उकाड्यात काढलेलं दूध बाहेर ठेवू नका. लगेच फ्रिजमध्ये, आणि घरी नेताना बर्फाच्या डब्यात. बसमध्ये पर्सचा पट्टा छातीवरून तिरका घेऊ नका, रोज त्याच जागी दाबून गाठ धरलेली मी पाहिली आहे.

ताप जाऊन दोन आठवडे झाले की आंघोळीच्या वेळी, साबणाच्या हाताने, ती जागा पुन्हा चाचपून बघा. गाठ तशीच लागत असेल, त्याच जागी तिसऱ्यांदा दुखणं आलं असेल, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, तर "दुधाचीच असेल" म्हणून सोडू नका. पाजत असतानाही थानाची सोनोग्राफी करता येते, आणि स्तनाचा कर्करोग क्वचित असाच, स्तनदाहासारखा दिसतो. तपासणीला जाताना बाळाला आधी पाजून घ्या. थान मऊ असलं की दुखतही कमी आणि डॉक्टरांना दिसतंही नीट.